माप बेचाळीस, नारिंगी

बोहरी आळीत दुपारी दोनला गर्दी नसते.
मुफद्दलशेठ डबा खात होते.
जाकीट दाखवा, म्हटलं, रस्त्यावर घालायचं.
म्हणाले, खात्यानं दिलं नाही का?
दिलंय की. खुंटीला आहे.

आतून प्लॅस्टिक, मानेला करवत.
घाम आला की पाठीला चिकटतं
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं.
खराटा लांब मारला की काखेत काचतं,
आणि पुरुषाच्या मापाचं, खांद्यावरून घसरतं.
मुकादम म्हणतो, सरकारी माल एकाच मापात येतो.
म्हटलं, बायका नाही येत.

शेठनी पोपटी-पिवळं काढलं.
पिवळं नको.
मी बाणेर रोडला सोनमोहोराखाली झाडते,
खाली सडा पिवळा, वर दिवा पिवळा,
त्यात बाई कुठे शोधणार कोण?
नारिंगी दाखवा. जाळीचं. हवा जाईल असं.

घालून बघितलं.
दुकानातच वाकले, उकिडवी बसले,
नसलेला खराटा चार वेळा मारला.
काउंटरवरचं पोरगं हसलं. हसू दे.

आमचा आज्जा वेल्ह्याकडचा, हाकाऱ्या.
दसरा सरला की डोंगरात बंदुका यायच्या,
हा डबा बडवत रानात शिरायचा,
डोक्याला आजीच्या लुगड्याचं शेंदरी फडकं :
डुक्कर कुठलं आणि सोमा कुठला
हे बंदुकीला कळावं म्हणून.
एका वर्षी फडकं खळीचं होतं, कपाळाला टोचलं,
काढून कमरेला खोचलं.
छर्रा पोटरीत राहिला तो राहिलाच.
आम्ही पोरं बोटानं चाचपायचो,
हरभऱ्यासारखा इकडे तिकडे सरकायचा.
आज्जा हसायचा, म्हणायचा, हळू, बी आहे, उगवंल.

आता बंदुका नाहीत.
शनिवारची रात्र सरते, रविवार उजाडायचा असतो,
हॉटेलांची दारं बंद होतात
आणि हंगाम सुरू होतो.
आम्ही कडेकडेनं झाडत असतो.
मागून आवाज आला की आधी पाठीला कळतं.

दिवा घालवा, म्हटलं शेठना.
पोरानं शटर अर्धं ओढलं, मोबाइलची बॅटरी मारली.
आरशात रेडियमच्या दोन पट्ट्या
ठसठशीत पेटल्या, हवेत लटकलेल्या.
मी दिसले नाही.
चालेल.

चांगुणाचंही खुंटीलाच होतं.
गाडी पांढरी होती. आत गाणं चालू होतं म्हणे
आणि नंतरही बराच वेळ चालू होतं.
कागदावर आलं : साडी गडद रंगाची असल्याने.
जांभळी होती.
पोरीनं पहिल्या पगारात घेतलेली.
गडद काय.

दगडाला शेंदूर फासला
की माणूस वळसा घालून जातो,
घाईत असला तरी. दारू प्यायलेला असला तरी.
मी किती वर्षं बघतेय,
कोपऱ्यावरच्या त्या दगडाला कोणी धडकलं नाही.
चांगुणा त्याच्यापासून सात पावलांवर होती.
मोजलीत मी. झाडताना मोजली जातात.

केवढ्याला, म्हटलं.
साडेचारशे.
चारशे करा. दोन घेते.

एक बेचाळीस.
एक चौतीस. पोर बारीक आहे,
आईच्या जागेवर लागली, सोमवारपासून.
माझ्याच पट्ट्यात दिलीय, तेवढं मुकादमानं ऐकलं.

शेठनी पिशवी उघडली.
थांबा, म्हटलं, कात्री आहे का?
मानेपाशी ते लेबल असतं ना, कडक,
ते उसवून द्या.
दोन्हींचं.
टोचलं की माणूस काढून ठेवतो.