दोन तास उशिरा

पहाटे साडेतीनला मी पिकअप बाहेर काढतो.
लेक सुपिरियरवरून आलेला बर्फ
अंगणात मांडी ठोकून बसलाय,
उठायचं नाव घेत नाही.
बायको झोपेतच विचारते, "किती?"
"गुडघाभर. पण भुसभुशीत."
खाली काच आहे, हे मी सांगत नाही.
एकतीस हिवाळ्यांत तिला ते न सांगता कळतं.

आमच्या अकरा बस, सहाशे चाळीस मुलं,
आणि रस्ते असे, की नकाशावर बोट ठेवलं तरी घसरावं.
मी आधी मिल हिलवर जातो.
उताराच्या मध्यावर मुद्दाम ब्रेक दाबतो.
थांबली तर ठीक.
नाही थांबली तर कुठवर जाते ते मोजतो.
आज पाल्कीनेनांच्या टपालपेटीपर्यंत गेली.
पेटी शाबूत आहे. उतरून बघितलं.

साडेचारला एलना हौतालाचा फोन.
सुपरिंटेंडंट ती. निर्णय तिचा, सही तिची,
शिव्याही तिलाच.
मी फक्त रस्ता सांगतो, आहे तसा.
"बर्फ लोटणारा ट्रक कुठाय?"
"नदीपलीकडे. सहापर्यंत पूल ओलांडेन म्हणतो."
"म्हणतो?"
"म्हणतो."
मग दोघंही गप्प.
फोनमध्ये तिच्या किटलीची शिटी तेवढी.

बंद ठेवलं आणि नऊला ऊन पडलं,
तर किराणा दुकानात कुणीतरी म्हणणार,
"काय, ढगाला घाबरलात?"
उघडं ठेवलं आणि—
हे वाक्य आम्ही पुरं करत नाही.
अठ्ठ्याण्णव सालापासून ते असंच अर्धं पडलंय,
सात नंबरची बस चरात कलंडली तेव्हापासून.
कुणी गेलं नाही. एका मुलीचं मनगट मोडलं, इतकंच.
ती आता बँकेत असते.
थंडीत नोटा मोजताना मधेच हात झटकते.
सात नंबर मी चालवत होतो.
मी नेहमी दुसऱ्या खिडकीच्या रांगेत उभा राहतो.

पाच वाजून दहा.
"दोन तास उशिरा," एलना म्हणते.
ना धड हो, ना धड नाही.
घराघरांत फोन थरथरतात, दिवे लागतात, विझतात.
काल रात्री पोरांनी पायजमे उलटे घालून,
उशीखाली चमचे ठेवून सुट्टी मागितली होती.
अर्धा नवस पावला.

पावणेसातला ट्रक पुलावर दिसला.
मी मागोमाग निघालो, खडी नीट पडतेय का बघत.
ट्रेलर पार्कच्या फाट्यावर
कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं काही.
पोतं हललं.
डॅरिल. दुसरीतला.
टोपीवर बोटभर बर्फ.

निरोप आईच्या फोनवर गेला.
फोन दवाखान्याच्या लॉकरमध्ये.
आईची रात्रपाळी संपली, पण बदलीची नर्स आली नाही,
कारण तिची दोन पोरं घरी,
कारण शाळा दोन तास उशिरा,
कारण मी टपालपेटीपर्यंत घसरलो.

"बस चुकली का माझी?" तो विचारतो.
"नाही रे. बसच अजून उठली नाही."
नियमानं मी एकट्या मुलाला माझ्या गाडीत घेऊ शकत नाही.
नियमानं मी त्याला तिथे सोडूही शकत नाही.
हीटर पूर्ण सोडला, दार उघडं धरलं,
आणि एलनाला फोन लावला.
"कोण आहे?"
"एक जण. पण वेळेवर आलाय."
जरा वेळ काहीच नाही.
मग किल्ल्यांचा आवाज.
"स्वयंपाकघर उघडते," ती म्हणाली, "हळू आण."

मिल हिल आम्ही दहाच्या वेगानं उतरलो.
तो टपालपेट्या मोजत होता, मोठ्यानं.
पाल्कीनेनांची बाविसावी निघाली.
मला हे कधीच माहीत नव्हतं.