पी शून्य तीन चाळीस

बंद पडते ती नेमकी गोल चौकात,
वेग उतरला, क्लच दाबला की.
धावताना काही नाही. म्हणजे माझ्यासारखीच,
असं म्हणणार होते, पण नको.
गाडी गाडी आहे. दोन हजार चारची मायक्रा,
पुदिन्याच्या चटणीचा रंग, एक लाख बारा हजार मैल,
आणि मला सकाळी सात ते रात्री दहा
अकरा घरी पोचायचं असतं :
कुणाच्या गोळ्या, कुणाची अंघोळ,
कुणाचा नुसता पडदा सारायचा.

मागचा व्हॅनवाला हॉर्न वाजवत नाही.
मोरकममध्ये वाजवत नाहीत. बघत राहतात.
ते जास्त लागतं.

चौदा पौंडांना जुना कोड रीडर घेतला.
स्टिअरिंगखाली डोकं घालून, मोबाईलची बॅटरी दातांत धरून
खोबण सापडली.
पी शून्य तीन चाळीस : कॅमशाफ्टचा सेन्सर.
पी शून्य तीन पस्तीस : क्रँकशाफ्टचा.
हीशम रोडच्या गॅरेजनं दोन्ही बदलले,
एकशे नव्वद पौंड,
बिलावर अश्लेषाची अ‍ॅशली.
नऊ दिवस दिवा विझलेला.
दहाव्या दिवशी बेअर लेनच्या फाटकापाशी
पुन्हा पिवळा,
आणि आता जोडीला तिसरा कोड
ज्याचं पहिल्या दोघांशी नातं ना गोतं.

कोड पुसता येतात. एक बटण.
पुसले की बरं वाटतं, सारवल्यासारखं.
मी आठवड्यात चारदा पुसले.

वडील इचलकरंजीला मागावर जॉबर होते.
म्हणायचे, धोटा अडला तर धोट्याला बोल लावू नये,
तो बिचारा फक्त सांगायला आलाय.
आठवलं मला हे, फाटकापाशी.
पण तेव्हा कामाचं वाटलं नाही.

थ्रेलफॉल आजोबा माझ्या यादीत सातवे.
चाळीस वर्षं बसडेपोत मेकॅनिक.
झटक्यात उजवा हात गेला आणि शब्दांची अदलाबदल झाली :
चहाला 'मंगळवार' म्हणतात,
मला 'पायमोजा'. मी ओ देते.

त्या दिवशी गाडी त्यांच्या दारात चालूच ठेवली,
बंद केली तर पुन्हा लागेल न लागेल म्हणून.
ते खिडकीशी बसून ऐकत राहिले. लापशी निवून गेली.
मग डाव्या हातानं खूण : बॉनेट.

चाकाची खुर्ची उतारावरून हळूहळू खाली.
खाडीकडून वारा, खारट, ओठांवर बसणारा.
त्यांचं बोट बॅटरीच्या काळ्या तारेवर,
तिथून मागे, खाली, गिअरबॉक्सच्या अंगाला,
जिथं विणलेल्या तांब्याची एक पट्टी
मीठ खाऊन हिरवी पडलेली,
दोन-चार धाग्यांवर तगलेली.
आणि ते म्हणाले, स्पष्ट,
माझ्यासमोर पहिल्यांदाच नेमका शब्द :
'अर्थ.'

मी क्षणभर मराठीतच ऐकलं.

'अर्थ,' ते माझ्यावर वैतागले. 'अर्थ गेलाय.'

पट्टी दोन बोटांनी हलवली, इंजिन घुटमळलं.
दाबून धरली, सावरलं.
पुन्हा हलवली. पुन्हा.
सेन्सर खोटं बोलत नव्हते, नवे नव्हते नि जुनेही नव्हते.
एकशे नव्वद पौंड डोळ्यांसमोरून गेले
आणि मी मराठीत एक शिवी दिली,
ती मात्र आजोबांना बरोबर कळली.

नवी पट्टी अकरा पौंडांची.
दोन बोल्ट, त्यातला एक गंजलेला,
तो सुटायला पाऊण तास आणि माझं एक नख.
लोखंड पांढरं दिसेपर्यंत घास,
ही खूण त्यांनी दात घासून दाखवली.

महिना झाला.
गोल चौकात गाडी गुरगुरत थांबते, जागी असते.
काल दिवा परत लागला : पी शून्य चार वीस.
लापशी ठेवायच्या आधी मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरला.
त्यांनी बघितलं. माशी हाकलावी तसा हात झटकला.
'मंगळवार,' म्हणाले.

मी आधण ठेवलं.