पाठकोरा

व्हर्ना लिंडक्विस्टच्या गॅरेजात
हीटर होता तो शाईसाठी.
आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवायचो.
टॅकोमा, फेब्रुवारी.
मी कागद सरकवायचो, ती जाळीवरून स्क्वीजी ओढायची
एका दमात, कोपरं अंगाशी धरून.
म्हणायची, मध्ये थांबलास
तर थांबल्याचा ओरखडाही छापून येतो.

आधी पिवळा.
मग तो गुलाबी, अंधारातही ओरडणारा.
शेवटी काळा : एक पाकोळी,
पंखांत अक्षरं अशी पिळवटलेली
की गिटारवाल्याला स्वतःच्याच बँडचं नाव सापडेना.
"वाचता येत नाही गं."
"मग उभा राहा. खांबापाशी एक उभा राहिला
की दुसरा येतोच, काय आहे बघायला."

एकशे चाळीस प्रती.
बाविसावीपासून काळा सुतभर सरकला,
पाकोळीला तिची सावली सुटून आली.
मी त्या बाजूला काढू लागलो
तर तिनं मनगट धरलं.
तो शर्ट अजून आहे.

गुरुवारी फोन.
सॉल्ट मेकॅनिक्स फुटले.
ड्रमरनं व्हॅन विकली, कुणाला न सांगता,
ॲम्प्लिफायर आतच.
शनिवार रद्द.
छपाईच्या पैशांचा विषय कुणीच काढला नाही.

व्हर्नानं दोरीवरची एक प्रत उतरवली,
मासा उलटवावा तशी उलटवली,
अंगठ्यानं घासून पाहिली.
"पाठकोरा आहे," एवढंच.

एप्रिलात त्याच पाठींवर
तीन शाळकरी पोरींचा बँड, डेंटिस्ट्स डॉटर.
एकच रंग, निळा,
कारण तेवढाच डबा उरला होता.
मी स्टेपल मारत हिंडलो.
नवव्या रस्त्यावरच्या खांबाचं लाकूडच दिसेना,
नुसत्या गंजक्या पिना,
किती वर्षांचे शनिवार, कागद गळून गेलेले.

तिथंच पाहिला मी ड्रमरला.
त्यानं एक पोस्टर अलगद सोडवलं,
उलटं केलं,
बराच वेळ तसाच.
मग चार घड्या, जॅकेटच्या आत.
मी दिसलो असेन त्याला. नसेनही.

माझी प्रत खिडकीच्या काचेवर आहे.
गुलाबी आधी गेला, व्हर्ना म्हणाली होती तसा,
पाच उन्हाळ्यांत. पिवळ्याचा चहा झालाय.
दुपारी तीनला ऊन मागून येतं
तेव्हा पाकोळीच्या पोटातून
निळी अक्षरं उलटी वर येतात,
आणि दोन तारखा एकमेकींवर,
त्यातली कुठली झाली होती
ते मलाही थांबून आठवावं लागतं.