आरशाखालची तीन बटणं

गाडी सुरतेहून आली, तिसऱ्या हाताने.
सीटखाली एक सुपारी, गुजराती बिलाचा चिटोरा,
आणि आरशाच्या पोटाशी तीन बटणं
ज्यांचं काय करायचं असतं ते
विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

दीपनगरच्या फाट्यावर मी सहज एक दाबलं.
इवला दिवा लागला. हाक गेली.
कुठे गेली?
इथून वाहत जाणाऱ्या तापीच्या पार दुसऱ्या टोकाला
कुणाचा तरी दरवाजा असणार,
गाडी अजून त्यालाच उघड म्हणत होती,
भुसावळात उभी राहून.

एकतीस वर्षं मी सिग्नल खात्यात काढली.
एका स्टेशनाने विचारायचं,
दुसऱ्याने होकार द्यायचा,
मगच गाडी सुटायची.
उत्तर न येणाऱ्या हाकेला आमच्यात बिघाड म्हणतात.
रजिस्टरात लिहितात, वेळ टाकून.

गुडघ्यांनी नाही म्हटलं तेव्हा शटरला मोटर बसवली.
यावलचा सिकंदर तडवी शिडीवर,
तोंडात दोन स्क्रू, त्यांच्यामधून बोलणं:
"ताई, पह्यले जुनं पुसा लागीन.
कडेची दोन्ही बटणं दाबून धरा.
दिवा घाई करे तोवर सोडू नका."

मी आकडे मोजले,
केबिनमध्ये मोजायची तसे, ओठ न हलवता.
सातला वाटलं, तिकडे कुणी म्हातारं
शटरच्या खडखडाटावरून ओळखत असेल, पोरगा आला.
बाराला वाटलं, विकायच्या दिवशी जेवले नसतील घरात.
सोळाला अंगठा थरथरला.
वीसला दिवा बावचळून लुकलुकला
आणि सुरत पुसली गेली.

मग रिमोट आरशापासून चार बोटांवर,
दोन्हींवर एकेक अंगठा.
हळू लुकलुक, मग भरभर. शिकली म्हणे गाडी.
मोटर काही मानेना.
ती दर वेळी नवा आकडा मागते,
उसन्या ओळखीवर दार उघडत नाही.
त्यासाठी तिच्या पाठीवरचं तांबडं बटण,
दाबल्यापासून तीस सेकंद.
सिकंदर आत शिडीवर, मी बाहेर गाडीत,
मध्ये मे महिना.

तो ओरडला, "दाबलं!"
मला ऐकू आलं, "थांबा!"
गेले तीस.
दुसऱ्या खेपेला शेजारच्या फेगड्यांकडे पाण्याचा टँकर आला,
रिव्हर्सचं गाणं वाजवत.
तेही गेले.
मग मी उतरले, म्हटलं, आवाजाचं काम नाही हे,
मला झेंडा दाखव. हिरवा.
हिरवं कापड कुठलं त्याच्याकडे?
न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या केळीचं
त्याने पान कापलं, निम्मं,
आणि शिडीवरून वाकून
शटरखाली राहिलेल्या हातभर फटीतून हलवलं.

एकदा दाबलं. दोनदा.
तिसऱ्यांदा शटर कण्हलं,
कमरेएवढं येऊन विचारात पडलं,
मग गेलं सरळ वर,
आणि आत सिकंदर, हातात पान,
लग्नात वाढपी उभा असतो तसा.

"उरलेल्या दोघांत काय भरू रे?"
"राहू द्या ना रिकामी. खायला थोडीच मागतात."

त्याच रात्री लाइट गेली.
समोर वीजघराची चिमणी धूर सोडतेय
आणि आमच्या गल्लीत काळोख.
बटण दाबलं, दिवा लागला,
गाडीने आपलं काम केलं होतं.
मी घरातून फिरून आत गेले, चाचपत.
सिकंदरने साखळी सोडून ठेवली होती,
टोकाला चिंधी बांधून, माझ्या उंचीवर,
न सांगता.
ओढत राहिले, रहाट ओढावा तशी,
वीतभर, हातभर,
गाडीचे दिवे आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर.

रजिस्टर असतं तर लिहिलं असतं:
नऊ चाळीस. हाक पोचली.
उत्तर हाताने दिले.