डावा कोपरा

पहिल्यांदा गेले ते कलेसाठी नव्हे.
जानेवारी होता, खोलीतला हीटर पैसे खात होता,
आणि संग्रहालयाचं वर्षभराचं तिकीट
दोन महिन्यांच्या गॅसबिलापेक्षा स्वस्त पडत होतं.
हिशेब माझ्या हाडात आहे,
बुडापेस्टमध्ये मी दुसऱ्यांचे पगार मोजते.

तर गुरुवारी, कामावरून सुटले की
दोन नंबरची पिवळी ट्राम,
डॅन्यूबवर बर्फाचे पापुद्रे,
मग कोट टांगायचा, बिल्ला घ्यायचा,
आणि सरदार, द्राक्षं, मेलेले ससे यांच्यामधून
हात चोळत हिंडायचं.

चौदाव्या दालनात एक संत आहे.
डोळे वर, तळवे वर, ढगात ही गर्दी.
माझं त्याच्याशी कधी जमलं नाही.
पण त्याच्या मागे, खाली, डाव्या कोपऱ्यात,
जिथे चित्रकाराला वाटलं असेल, इथे कोण बघतंय,
चुलीशेजारी तांब्याचं एक भांडं आहे.
अर्धवट घासलेलं.
काठ लख्ख, पोट ठीक, बुडाशी काजळी तशीच.
घासणारी मध्येच उठून गेलीय.
दाराशी कुणी आलं असेल, मूल रडलं असेल,
किंवा नुसताच कंटाळा.
चारशे वर्षं झाली, अजून परतलेली नाही.

पिरोश्का त्या दालनाची राखणदारीण.
खुर्ची, गुडघ्यांवर शाल,
जाकिटाचं एक बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं.
पाचव्या की सहाव्या गुरुवारी
तिनं माझ्या नजरेचा माग काढला,
संताला वळसा घालून, खाली, डावीकडे,
आणि मुठीनं घासल्याची खूण केली.
मी हसले. तिनं मान हलवली,
म्हणजे, मीपण.
एवढ्या भांडवलावर आमची ओळख चाललीय.

मार्चमध्ये चित्र नव्हतं.
भिंतीवर एक चौकोन,
उन्हानं कधी न पाहिलेला लाल,
आणि कागद: दुरुस्तीसाठी नेले आहे.
आम्ही दोघी त्या चौकोनापुढे उभ्या राहिलो
मयताला आल्यासारख्या.
मला एकच धास्ती,
कुणीतरी हुशार, कापसाचा बोळा घेऊन,
ती काजळी पुसून टाकणार.
चिंच-मीठ लावल्यासारखं चकचकीत करून पाठवणार.
हे पिरोश्काला सांगायला गेले,
काजळीऐवजी नख म्हणाले.
त्यांच्या भाषेत दोन्हींत फरक दोन टिंबांचा.
तिनं निमूटपणे आपली नखं तपासली.

चित्र गेलं, सवय राहिली.
तिला कुठेतरी ठेवायला हवं होतं.
बाजारात मुळ्याच्या जुड्या रचणारी बाई
एक जुडी उलटी करते, दोन पावलं मागे जाते,
बघते, पुन्हा सुलटी करते.
ट्रामच्या वाफाळ काचेवर कुणी नाक टेकवलेलं,
तो गोल पुढच्या थांब्यापर्यंत टिकला.
आमच्या जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या,
सोमवारी धुतल्या की त्यांत
चौकातलं आकाश साचतं, जरासं फेसाळ.
समोरचे ओदोनकाका कठड्यावर मोजे वाळत घालतात,
करडा, करडा, आणि एकटाच हिरवा.

फोनवर सांगण्यासारखं यात काही नाही.
सांगितलं एकदा.
"बरं. जेवलीस का?"
तेही बरोबरच.

ऑक्टोबरात संत परत आला.
झगा इतका निळा की कानात वाजावा.
मी आधी पिरोश्काकडे पाहिलं.
तिनं चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

काजळी होती.
जागच्या जागी, उलट जास्तच काळी.
आणि भांड्याच्या पोटावर,
जिथे आजवर नुसतं जुनं वॉर्निश पिवळत बसलं होतं,
एक खिडकी निघाली होती.
चार तावदानांची, तांब्यासोबत वाकलेली,
बाहेर कुठलातरी उजेडाचा दिवस.
एवढीशी.
करंगळी पुढे करून मी पिरोश्काला माप दाखवलं.

तिनं काजळीकडे बोट केलं, शब्द म्हणाली, सावकाश.
मग माझ्या नखाकडे, आणि ओठांचा चंबू करून दुसरा.
मी दोन्ही म्हणून दाखवले.
दोन्ही चुकले.