गाळ, तास सहा

दहा गुणांसाठी गेलो होतो. खोटं कशाला बोलू.
राष्ट्रीय सेवा योजना, एस. वाय. बी.कॉम., हजेरी क्रमांक एकतीस,
आणि आरगे मॅडमनी हातात दिलेलं खोरं,
दांडा ढिला असलेलं.

कृष्णा उतरून पाच दिवस झाले होते.
सांगलीत मळीकडच्या त्या गल्लीत
ती जिथवर राहून गेली त्याची भिंतीवर रेघ,
माझ्या टाळूच्या हातभर वर.
गाळाला वास हळदीचा, डिझेलचा
आणि मेलेल्या कशाचा तरी.

सुगंधाबाई मगदुमांच्या न्हाणीत
खोऱ्याला खट् लागलं.
वेढणी. सोन्याची. साधी, बिननक्षीची,
कुणाच्याही बोटात बसेल अशी.
मी ती खिशात घातली.
धुवायला म्हणून, असं मी मला सांगितलं.

रात्री पँट खुंटीला. मी जागा.
एवढीशी वस्तू,
पण खोली तिकडं कलल्यासारखी.

सकाळी बाईंपुढं तळहात उघडला.
"माझी न्हवं. पाण्यानं आणली आसंल कुणाची.
जा, इचारून ये."
कधी सापडली, ते विचारलं नाही.
तेच जास्त लागलं.

मग दारोदार.
बिल्किसचाची भिजक्या गाद्या उलटत होत्या:
"हमारी नही रे, बेटा."
अप्पा कोष्ट्यांचा माग बुडालेला, शेळी गेलेली,
रेशनकार्डाचा लगदा.
त्यांनी वेढणी करंगळीत घालून पाहिली,
उजेडात धरली,
काढून परत दिली.
"वजनदार हाय," एवढंच.

सोळा घरं.
एकदा तरी कुणी खोटं बोलावं
असं वाटत होतं मला.
माझी रात्र जरा हलकी झाली असती.

शेवटी बाईंनी ती चिंधीत बांधून
हापशाला अडकवली.
तीन दिवस गल्लीनं तिच्याखाली घागरी भरल्या.
चौथ्या दिवशी चिंधी होती, गाठ सोडलेली.
कुणी नेली, कुणी विचारलं नाही.

वहीत लिहिलं: काम, गाळ काढणे. तास, सहा.
सोळा घरांचे तास कुठल्या रकान्यात बसतात
ते कळेना.
"उपक्रमातून काय शिकलात, पन्नास शब्दांत"
याखाली आधी 'खिसा' लिहिलं, मग खोडलं,
आणि बाकीच्यांसारखंच काहीतरी लिहून दिलं.

दहापैकी दहा पडले.
सांगायला गेलो तर सुगंधाबाई म्हणाल्या,
"बरं झालं आलास.
ते तुमचं खोरं हितंच ऱ्हायलंय,
तेवढा दांडा बसवून दे."