प्रश्न चौथा, गुण पाच

एप्रिल, कॉलेज रोड, नाशिक. पंख्याखाली
उत्तरपत्रिकांचा गठ्ठा फडफडतो,
वर तांब्या ठेवलाय.
प्रश्न चौथा: वसाहतकालीन अमेरिकेतील स्त्रियांचे स्थान.

बहुतेकांनी गाईडातलं उतरवलंय:
चूल, चरखा, चरबीच्या मेणबत्त्या,
राखेच्या पाण्याचा साबण, दर दोन वर्षांनी पाळणा.
एकानं लिहिलंय, 'त्या फार सोशिक होत्या.'
अर्धा गुण कापला.

आसन क्रमांक चारशे सतरा मात्र
कुठून काय वाचून आलीय:
मुलींना वाचायला शिकवत, लिहायला क्वचितच.
बायबल वाचता आलं की झालं.
दस्तावर नावाऐवजी फुली.
लग्न लागलं की कायद्याला
नवरा-बायको मिळून एकच माणूस.
'आणि तो माणूस नवरा,'
ठिपका फुटेस्तोवर पेन दाबलंय तिनं.

गठ्ठ्याशेजारी सुदामनं आणलेली
शेवटच्या तोडीची द्राक्षं,
आणि दिंडोरीहून टाईप होऊन आलेला कागद.
हक्कसोडपत्र. मोहाडीचा गट, विहिरीसह,
स्वखुशीनं, विनामोबदला.
'ताई, नुसती सही. उद्या अकराला गाडी पाठवतो.'

याच विहिरीच्या जुन्या कागदावर
हौसाआत्याचा डावा अंगठा आहे.
तिला लिहिता येत नव्हतं.
माझी सही वळणदार आहे म्हणतात.

चारशे सतराला पाचपैकी पाच.
मॉडरेटर विचारेल, विचारू दे.
द्राक्षं गोड निघालीत, हात चिकट झालेत.
रात्री मेसेज: 'आधार कार्ड विसरू नको.'
वाचला, एवढं त्याला दिसेल.

पुढची पत्रिका ओढते.
चारशे अठरानं
हा प्रश्न सोडलाय.